भरपाई नव्हे, घसारा

शास्त्रीय परिभाषेतील शब्द अर्थाला धरून असला, एवढ्याने त्याचे काम संपत नाही. तो ज्या वाचकाच्या हाती पडावयाचा, त्याच्या मनात त्या शब्दाचे जुने संबंध आधीच घर करून बसलेले असतात, आणि शब्द त्या संबंधांसह वाचला जातो. ओएलईडी जातीच्या पडद्यांविषयी मराठीत लिहू लागले की असा एक शब्द लेखणीपुढे येऊन उभा राहतो. हे पडदे वापराने मंदावतात. त्यांचे मंदावणे डोळ्याला जाणवू नये म्हणून त्यांच्या पोटातच एक योजना केलेली असते. या योजनेचे इंग्रजी नाव घेऊन कोश उघडला, तर 'भरपाई' हा प्रतिशब्द सहज हाती लागतो. तो घेऊ नये, असे माझे मत आहे. त्याची कारणे केवळ भाषेची नाहीत.

भरपाई हा शब्द आपल्याकडे व्यवहारातून आला. पुरात पीक वाहून गेले आणि सरकारने पैसे दिले. वाहतुकीत माल फुटला आणि विमा कंपनीने रक्कम चुकती केली. नुकसान एकाचे झाले आणि ते भरून काढणारे धन बाहेरून आले. बाहेरून येणे हाच भरपाईचा गाभा होय. ओएलईडी पडद्यात बाहेरून काहीही येत नाही. जे उणे पडते ते पडद्याच्याच शिलकेतून उचलून भागवले जाते, आणि त्या उचलीने शिल्लक अधिक वेगाने आटते. आपल्या जमाखर्चाच्या वहीत अशा गोष्टीसाठी निराळा शब्द आहे, तो म्हणजे घसारा. यंत्र झिजते, त्याची किंमत वर्षागणिक उतरते, आणि सचोटीचा व्यापारी ती उतरती किंमत वहीत मांडतो. ओएलईडी पडद्याच्या आतही हा घसारा मोजला जातो आणि मांडलाही जातो. फक्त ती वही मालकाला दाखवली जात नाही. ती दाखवली जावी, हे या लेखाचे म्हणणे आहे.

प्रकाश देणारा रेणू आणि त्याची झीज

द्रवस्फटिकी पडद्यात प्रकाश मागच्या दिव्याचा असतो. पुढील थर फक्त झडपांचे काम करतात. ओएलईडी पडद्यात प्रत्येक चित्रबिंदू हा स्वतःच एक दिवा असतो. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील ईस्टमन कोडॅक कंपनीत काम करणाऱ्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली अशा दिव्याचे वर्णन प्रसिद्ध केले. सेंद्रिय द्रव्यांचे दोन अतिशय पातळ थर एकावर एक बसवून, दहा व्होल्टहूनही कमी दाबावर, त्यांनी लख्ख हिरवा प्रकाश मिळवला. १९९० मध्ये इंग्लंडातील केंब्रिज येथे लांब साखळीच्या बहुवारिक रेणूंकडूनही असाच प्रकाश मिळाला. आजच्या पडद्यांतील थरांची संख्या पुष्कळ वाढली आहे, परंतु मूळ तत्त्व तेच आहे. एका बाजूने इलेक्ट्रॉन आत शिरतात, दुसऱ्या बाजूने इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा पुढे सरकतात, मधल्या थरात दोहोंची गाठ पडते, तेथील रेणू उत्तेजित होतो आणि आपली जादा ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने सोडून पूर्वस्थितीला येतो.

हा उत्तेजित क्षण अत्यंत अल्प असतो, पण झिजेचे मूळ त्यातच आहे. उत्तेजित रेणू रासायनिक दृष्ट्या अस्थिर असतो. दोन उत्तेजित रेणू जवळ आले, किंवा एखाद्या उत्तेजित रेणूजवळ विद्युत्भार आला, तर ऊर्जा एकाच ठिकाणी साचते आणि क्वचित एखादा बंध तुटतो. तुटलेला रेणू प्रकाश देत नाही, आणि त्याचे तुकडे शेजारच्या धडधाकट रेणूंचा प्रकाशही गिळतात. त्यांत विद्युत्भार अडकून पडत असल्याने तोच प्रवाह पुढे ढकलण्यास पूर्वीपेक्षा अधिक दाब लागतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिचा उपयोग पुढे व्हावयाचा आहे.

निळा रंग यात सर्वांत दुर्दैवी. लाल प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा सुमारे २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, हिरव्याची सुमारे २.३, तर निळ्याची सुमारे २.७. सेंद्रिय रेणूंतील दुबळे बंध तुटण्यास साधारण ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरते. निळा प्रकाश देणारा रेणू म्हणजे कड्याच्या अगदी काठावर उभा राहून काम करणारा मजूर. म्हणून मोबाइलच्या पडद्यांत निळा उपबिंदू आकाराने मोठा ठेवण्याची रीत पडली. क्षेत्रफळ वाढले की तितकेच तेज विरळ प्रवाहावर मिळते आणि झीज मंदावते. दूरचित्रवाणीच्या मोठ्या पडद्यांसाठी एलजी कंपनीने निराळा मार्ग पत्करला. तेथे सर्वच उपबिंदू पांढरा प्रकाश देतात आणि रंगासाठी त्यांवर गाळण्या बसवलेल्या असतात. त्यामुळे निरनिराळ्या रंगांच्या झिजेतील तफावत कमी होते. एका बिंदूची आणि शेजारच्या बिंदूची तफावत मात्र उरतेच.

अर्धायुष्याचा आकडा

पडद्याचे आयुष्य सांगण्याची रूढ पद्धत म्हणजे त्याचे तेज निम्म्यावर येण्यास लागणारे तास. सोनी कंपनीने २००७ च्या अखेरीस जपानात पहिला ओएलईडी दूरचित्रवाणी संच विक्रीस आणला. त्याचा पडदा अकरा इंचांचा होता आणि आयुष्य ३०,००० तास सांगितले होते. रोजचे आठ तास धरले तर हा काळ दहा वर्षांचा होतो. पुढच्याच वर्षी डिस्प्लेसर्च या बाजार-संशोधन संस्थेने त्याच जातीचे संच १,००० तास चालवून पाहिले. निळ्याचे तेज १२ टक्के, हिरव्याचे ८ टक्के आणि लालाचे ७ टक्के उतरल्याचे तिने नोंदवले, आणि यावरून एकंदर आयुष्य सुमारे १७,००० तासांचे असावे असा अंदाज मांडला. कंपनीने आपला आकडा सोडला नाही. कोणाचे बरोबर, हा वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. कोणत्या तेजावर, कोणते चित्र दाखवून मोजले, हे सांगितल्यावाचून आयुष्याचा आकडा अपुरा असतो, हे या उदाहरणावरून दिसते.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. पडद्याचे सगळे बिंदू जर एकसारखेच वीस टक्क्यांनी मंदावले, तर पाहणाऱ्याच्या ते बहुधा ध्यानातही येणार नाही. डोळा सभोवतालच्या उजेडाशी स्वतःला जुळवून घेतो. उलट, एखाद्या वाहिनीचे बोधचिन्ह रोज त्याच कोपऱ्यात झळकत असेल आणि तेथील बिंदू शेजाऱ्यांपेक्षा दोन-तीन टक्क्यांनीच मंद झाले असतील, तरी करड्या रंगाचे सपाट चित्र समोर येताच ते चिन्ह भुतासारखे उमटते. स्पष्ट कडा असलेल्या दोन लगतच्या भागांच्या तेजात शेकडा एक-दोनचाही फरक असला, तर आपला डोळा तो टिपतो. म्हणजे पडदा निरुपयोगी वाटू लागतो तो निम्मे तेज गेल्यावर नव्हे. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत थोडी तफावत पडली की पुरे. अर्धायुष्याचा आकडा याविषयी काहीच सांगत नाही.

पडदा स्वतःची नाडी कशी पाहतो

ही तफावत दिसू नये म्हणून अभियंत्यांनी शोधलेले उपाय खरोखर कौतुकास्पद आहेत. पहिला उपाय प्रत्येक बिंदूमागील ट्रान्झिस्टरांच्या मंडलातच असतो; ट्रान्झिस्टरांमधील आपसांतील फरक तो सावरतो. प्रकाश देणाऱ्या थराची झीज मात्र त्याला कळत नाही. दुसरा उपाय हिशोबाचा: कोणता बिंदू किती तेजाने किती वेळ पेटला याची बेरीज ठेवावयाची आणि तीवरून तो किती झिजला असेल याचे अनुमान बांधावयाचे. तिसरा उपाय प्रत्यक्ष मोजमापाचा. झिजलेल्या बिंदूला त्याच प्रवाहासाठी अधिक दाब लागतो, हे वर आलेच आहे. ठरावीक वेळी बिंदूंमधून थोडा प्रवाह सोडून पाहावयाचा, दाब किती वाढला हे मोजावयाचे, आणि दाबाची वाढ व तेजाची घट यांचा जो संबंध आधीच्या प्रयोगांतून ठरवून ठेवलेला असतो, त्यावरून त्या बिंदूला यापुढे किती जास्त प्रवाह द्यावा हे निश्चित करावयाचे.

या कामाचा पसारा केवढा असतो, हे एका आकड्यावरून कळेल. ३८४० गुणिले २१६० बिंदूंच्या पडद्यावर ८२,९४,४०० चित्रबिंदू असतात. प्रत्येकात चार उपबिंदू धरले तर संख्या ३ कोटी ३१ लाख ७७ हजार ६०० होते. प्रत्येकाचे खाते वेगळे. एलजीच्या संचांत एकंदर चार तास पाहून झाल्यावर संच रिमोटने बंद केला की काही मिनिटांची लहान तपासणी आपोआप होते, आणि सुमारे २,००० तासांनी तासाभराची मोठी तपासणी होते. पडदा त्या वेळी काळाच दिसतो. आत मात्र हिशोब चाललेला असतो.

तरीही या उपायांना मर्यादा आहेत. कॅनडातील आरटिंग्स या परीक्षण संस्थेने २०१८ च्या जानेवारीत एकाच जातीचे सहा ओएलईडी संच रोज वीस तास चालवण्यास आरंभ केला. तपासणीला अवसर मिळावा म्हणून दर पाच तासांनंतर तासाभराची विश्रांती ठेवली होती. ज्या संचावर बातम्यांची एकच वाहिनी पूर्ण तेजाने लावलेली होती, त्यावर तिच्या चिन्हाचे व पट्ट्यांचे ठसे ठळकपणे उमटले. ज्यांवरील चित्रे सतत पालटत होती, त्यांतील काहींवर ठसा आढळला नाही. तपासणी होत असूनही ठसा उमटला, याचा अर्थ उपाय खोटा असा नव्हे. त्याच्या गंगाजळीला तळ आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पैसा कोठून येतो

आता त्या गंगाजळीकडे पाहू. एखाद्या बिंदूची प्रकाश देण्याची शक्ती शंभरावरून ऐंशीवर आली असे समजा. मूळचे तेज हवे तर त्याला सव्वापट प्रवाह द्यावा लागेल. परंतु झीज प्रवाहाच्या सम प्रमाणात वाढत नाही, त्याहून वेगाने वाढते. प्रयोगांत आढळणारा घातांक बहुधा दीड ते दोन यांच्या दरम्यान असतो. त्या हिशेबाने सव्वापट प्रवाहावर हा बिंदू सुमारे दीडपट वेगाने झिजू लागतो. म्हणजे जो आधीच थकला आहे त्याच्यावरच अधिक भार टाकून आपण त्याचा थकवा झाकतो. मुद्दलातून व्याज भरण्याचाच हा प्रकार होय.

हे परवडावे म्हणून निर्माते आरंभीच हातचे राखून ठेवतात. नव्या पडद्याकडून त्याच्या कुवतीइतके तेज मागितले जात नाही. वरचा काही हिस्सा पुढील झिजेसाठी शिल्लक ठेवलेला असतो. ही शिल्लक संपली की एकच मार्ग उरतो: दुबळ्याला वर उचलता येत नाही म्हणून सबळांना खाली आणावयाचे. सारा पडदा किंचित मंद केला जातो, पण सर्वत्र सारखा. डोळ्याला सारखेपणा दिसतो आणि मालकाला वाटते, आपला पडदा होता तसाच आहे.

या योजनेला माझा विरोध नाही. ती नसती तर पुष्कळ पडदे कितीतरी आधी भंगारात गेले असते, आणि भंगारातील विद्युत् उपकरणांचा प्रश्न आपल्या देशात आधीच बिकट आहे. झीज सर्वांत वाटून देणे ही शहाणपणाचीच गोष्ट आहे. आक्षेप आहे तो तिच्याविषयी बाळगल्या जाणाऱ्या मौनाला. ज्या यंत्राला आपला घसारा बिंदूबिंदूचा ठाऊक आहे, त्याने तो विकत घेणाऱ्याला एका आकड्यानेही सांगू नये, हे योग्य नव्हे.

वही मालकाला दाखवावी

यावर तीन आक्षेप घेतले जाणे शक्य आहे. पहिला असा की, सामान्य माणूस असला आकडा पाहून उगीच घाबरेल. या आक्षेपाचे उत्तर मोबाइलच्या बॅटरीने दिलेले आहे. बॅटरी जुनी झाली की फोन अचानक बंद पडू नये म्हणून ॲपल कंपनी आपल्या काही फोनांचा वेग गुपचूप कमी करीत असे. २०१७ च्या डिसेंबरात ही गोष्ट उघड झाली तेव्हा ग्राहकांत मोठा संताप उसळला. २०१८ च्या मार्चमध्ये कंपनीने फोनच्या मांडणीतच बॅटरीचे उरलेले आरोग्य टक्क्यांत दाखवण्यास सुरुवात केली. लोक त्या आकड्याने घाबरले नाहीत. बॅटरी केव्हा बदलावी हे त्यांना त्यावरून कळू लागले. लोकांचा संताप उपायावर नव्हता, लपवण्यावर होता.

दुसरा आक्षेप असा की, झिजेचे हे मोजमाप अनुमानाचे असते, नेमके नसते. खरे आहे. परंतु ज्या अनुमानावर विसंबून पडदा कोट्यवधी उपबिंदूंचा प्रवाह बदलतो, तेच अनुमान मालकाला सांगण्याइतके भरवशाचे नाही, हे म्हणणे पटण्यासारखे नाही. 'सुमारे' हा शब्द जोडून आकडा द्यावा. वाचकाला तो शब्द कळतो. तिसरा आक्षेप व्यापारी गुपिताचा. गणिताची रीत कोणी मागत नाही; फक्त बेरीज मागितली आहे.

तेव्हा मागणी तीन गोष्टींची आहे. पहिली: आयुष्याचा जो आकडा सांगावयाचा, तो कोणत्या तेजाला आणि किती टक्के घटीला धरून आहे, हे त्याच्याजवळच छापावे. दुसरी: पडद्याने एकंदर किती तास काम केले आणि झिजेसाठी राखून ठेवलेल्या शिलकेपैकी किती खर्च झाली, हे उपकरणातच साध्या शब्दांत दिसावे. तिसरी: जुने उपकरण एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ही नोंद त्याच्याबरोबर जावी. जुना मोबाइल विकत घेणारा विद्यार्थी आज काचेवरील ओरखडे पाहून किंमत ठरवतो. आतील घसारा त्याला दिसत नाही. युरोपीय संघात जून २०२५ पासून नव्या मोबाइलांवरील पट्टीत बॅटरी किती वेळा भरता येईल याचा आकडा द्यावा लागतो. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. उपकरण टिकाऊ आहे की नाही, हे जाणण्याचा ग्राहकाचा अधिकार एकदा मानला, की पडद्याची वही त्याबाहेर ठेवण्यास सबळ कारण उरत नाही.

हा नियम होईल तेव्हा होईल. तोवर शाळांनी व ग्रंथालयांनी करण्यासारख्या गोष्टी आहेत. प्रथम आपला पडदा कोणत्या जातीचा हे पाहावे. द्रवस्फटिकी पडद्याला ही बिंदूबिंदूंची झीज लागू नाही. तो ओएलईडी असेल तर संस्थेचे नाव किंवा सूचनाफलक त्यावर दिवसभर स्थिर ठेवू नये. तेज गरजेपुरतेच ठेवावे; वरील घातांकाच्या हिशेबाने निम्म्या तेजावर आयुष्य तिपटीच्या आसपास, किंबहुना अधिकही, वाढते. आणि एक गोष्ट आपल्या देशातील सवयीची आहे. विजेची काळजी म्हणून आपण संच बंद करताच भिंतीवरील बटणही बंद करतो. एरवी ही सवय चांगली. पण संच बंद असताना व्हावयाची तपासणी त्यामुळे होतच नाही, आणि खाते न लिहिताच दिवस संपतो. रिमोटने संच बंद केल्यावर निदान पंधरा-वीस मिनिटे वीज चालू राहू द्यावी. एवढी साधी सूचनाही ठळक अक्षरांत कोणी देत नाही, हे 'भरपाई'च्या समजुतीचेच फळ आहे. जे आपोआप भरून निघते, त्याची काळजी कोण घेतो?

म्हणून मराठीत या क्रियेला 'घसारा-समायोजन' म्हणावे, असे मी सुचवतो. शब्द थोडा जड आहे, हे मान्य. पण तो ऐकणाऱ्याला लगेच दोन गोष्टी सांगतो: काहीतरी झिजते आहे, आणि ती झीज कोठेतरी मांडली जात आहे. त्यापुढचा प्रश्न, ती वही कोठे आहे हा, वाचक आपण होऊन विचारील.